मेणाच्या ठोकळ्यातील ऊती आणि वर्णपटाची साक्ष

रुग्णाच्या शरीरातून तपासणीसाठी काढलेला ऊतींचा लहानसा तुकडा, म्हणजेच बायोप्सी, अहवाल हाती पडला की रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या विस्मरणात जातो. रुग्णालय मात्र तो टाकून देत नाही. मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बंदिस्त केलेला हा तुकडा क्रमांक घालून विकृतिशास्त्र विभागाच्या कपाटात ठेवला जातो आणि तेथे तो वर्षानुवर्षे, कित्येकदा दशकानुदशके राहतो. अशा ठोकळ्यांमधील ऊतींची रासायनिक घडण कोणताही रंग न वापरता, केवळ प्रकाशाच्या साहाय्याने वाचण्याचे तंत्र गेल्या तीन दशकांत विकसित झाले आहे. वर्णपटीय प्रतिमांकन या नावाने ते ओळखले जाते. या तंत्राकडून कर्करोगाच्या निदानात मोठ्या अपेक्षा आहेत. प्रकाशाने वाचलेली खूण रोगाची आहे की ऊती जतन करण्याच्या प्रक्रियेची, हा त्यातील कळीचा प्रश्न आहे.

जुन्या ठोकळ्यांचे संशोधनातील मोल त्यांच्या वयामुळे वाढते. आज घेतलेल्या बायोप्सीच्या रुग्णाचे पुढे काय होणार, हे कोणालाच ठाऊक नसते. वीस वर्षांपूर्वीच्या ठोकळ्याच्या बाबतीत ते घडून गेलेले असते आणि रुग्णालयाच्या दप्तरात नोंदलेलेही असते. गाठ पुन्हा उद्भवली का, उपचार लागू पडला का, रुग्ण किती वर्षे जगला, या प्रश्नांची उत्तरे जोडलेला नमुना संशोधकाच्या हाती आयता येतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संयुक्त विकृतिशास्त्र केंद्राच्या संग्रहात सुमारे ५ कोटी ५० लाख काचपट्ट्या आणि ३ कोटी १० लाख मेणाचे ठोकळे आहेत. या संग्रहाचा वारसा ज्या संस्थेकडून आला, त्या सैन्यदल विकृतिशास्त्र संस्थेतील जेफ्री टॉबेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये, १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरण पावलेल्या सैनिकाच्या जतन केलेल्या फुप्फुसातून त्या विषाणूच्या जनुकांचे तुकडे वेगळे केले होते. त्या संशोधनाचे तंत्र निराळे होते; पण जतन केलेली ऊती आठ दशकांनंतरही बोलू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

ठोकळा कसा तयार होतो

शरीराबाहेर काढलेली ऊती काही तासांतच कुजू लागते. ते रोखण्यासाठी ती फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे पाण्यात विरघळवलेल्या फॉर्माल्डिहाइडमध्ये बुडवली जाते. या द्रावणाचा ऊती टिकवण्याचा गुण जर्मन वैद्य फर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केला. जंतुनाशक म्हणून फॉर्मॅलिन हाताळत असताना त्यांच्या स्वतःच्या बोटांची त्वचा ताठर झाली आणि त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. फॉर्माल्डिहाइड प्रथिनांच्या रेणूंमध्ये जणू टाके घालते. एका रेणूची शाखा दुसऱ्याच्या शाखेला जोडली जाते आणि पेशींची रचना आहे त्या स्थितीत गोठून राहते.

त्यानंतर वाढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने ऊतीतील पाणी काढले जाते, झायलीनने अल्कोहोल बाजूला सारले जाते आणि त्या जागी सुमारे ६० अंश सेल्सिअसला वितळलेले पॅरॅफिन मेण भरते. थंड झालेल्या ठोकळ्याचे मायक्रोटोम या यंत्राने ४ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढले जातात. काचपट्टीवर घेतलेल्या कापातील मेण पुन्हा झायलीनने धुतले जाते आणि तो हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या दोन रंगद्रव्यांनी रंगवला जातो. पेशींची केंद्रके निळी-जांभळी आणि भोवतालचा भाग गुलाबी दिसतो. जगभरातील बहुतांश कर्करोगांचे निदान आजही या दोन रंगांच्या चित्रावरून, तज्ज्ञाच्या अनुभवी नजरेने केले जाते.

या पद्धतीने शतकाहून अधिक काळ उत्तम काम दिले आहे. तिची मर्यादा एवढीच की रंग आकार दाखवतो, रसायन दाखवत नाही. दोन पेशी आकाराने सारख्या आणि आतून वेगळ्या असतील, तर त्या या चित्रात सारख्याच दिसतात. शिवाय सीमारेषेवरच्या नमुन्यांत दोन अनुभवी विकृतिशास्त्रज्ञांचे मत भिन्न पडू शकते.

प्रकाश रसायन कसे वाचतो

विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये सूर्यप्रकाशाच्या तांबड्या पट्ट्यापलीकडे डोळ्यांना न दिसणारे, पण तापमापकाला जाणवणारे किरण असल्याचे दाखवले. या अवरक्त किरणांचा रेणूंशी जवळचा संबंध आहे. रेणूतील अणू एकमेकांशी स्प्रिंगने बांधल्यासारखे सतत कंप पावत असतात आणि प्रत्येक बंधाची कंपनाची गती ठरलेली असते. त्या गतीशी जुळणारा अवरक्त किरण तो बंध शोषून घेतो. कोणते किरण किती शोषले गेले याचा आलेख म्हणजे त्या पदार्थाचा वर्णपट होय. प्रथिनांची ठळक खूण तरंगसंख्येच्या भाषेत प्रति सेंटीमीटर १६५०च्या आसपास उमटते, मेदद्रव्यांची १७४०च्या आसपास, तर डीएनएमधील फॉस्फेट १०८० आणि १२४०च्या जवळ आढळते.

कंपने वाचण्याचा दुसरा मार्ग भारतात सापडला. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्या सहकार्याने कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत २८ फेब्रुवारी १९२८ रोजी प्रकाशाच्या विकिरणाचा नवा प्रकार नोंदवला. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला असता विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश रंग बदलून परततो आणि त्या बदलात रेणूच्या कंपनाची माहिती असते. हा अंश साधारण एक कोटी प्रकाशकणांमागे एक इतका क्षीण असतो. १९३० मध्ये रामन यांना या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच दिवसाच्या स्मरणार्थ देशात राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. लेसरच्या आगमनानंतर हा क्षीण प्रकाश मोजणे सुलभ झाले आणि रामन वर्णपटमिती रुग्णालयाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली.

वर्णपटाला प्रतिमेची जोड मिळाली ती नंतर. पूर्वी कापाच्या एकेका बिंदूचा वर्णपट स्वतंत्रपणे घ्यावा लागे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील नील लुईस, आयरा लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला अनेक संवेदकांची जाळी जोडली. १२८ गुणिले १२८ संवेदकांची अशी जाळी एकाच वेळी १६,३८४ बिंदूंचे वर्णपट टिपते. साध्या छायाचित्राच्या प्रत्येक बिंदूला तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांची मूल्ये असतात; येथे प्रत्येक बिंदूमागे शेकडो मूल्यांचा आलेख असतो. एक चौरस सेंटीमीटरच्या कापावर ५ मायक्रॉनांचा एक बिंदू धरल्यास वर्णपटांची संख्या ४० लाखांवर जाते. इतके आलेख डोळ्यांनी पाहणे अशक्य असल्याने संगणक आणि संख्याशास्त्र या तंत्रापासून वेगळे काढता येत नाहीत.

या तंत्राचे पहिले ठसठशीत यश कर्करोगाशी संबंधित नव्हते. १९९७ मध्ये याच गटाने सैन्यदल विकृतिशास्त्र संस्थेतील संशोधकांसह स्तनाच्या ऊतीत झिरपलेली सिलिकोन जेल अवरक्त प्रतिमेत दाखवून दिली. कृत्रिम स्तनरोपणातून गळणाऱ्या सिलिकोनवरून त्या वेळी अमेरिकेत न्यायालयीन वाद गाजत होते. सिलिकोन नेहमीचे रंग घेत नाही. रंगवलेल्या कापात ते केवळ मोकळ्या जागेसारखे दिसते. अवरक्त किरण मात्र ते जोरकसपणे शोषते. पुढे २००५ मध्ये लेव्हिन यांच्या गटातील संशोधकांनी नेहमीच्या साठ्यातील पुरःस्थ, म्हणजेच प्रोस्टेट ग्रंथीच्या नमुन्यांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. रंगाचा थेंबही न वापरता संगणकाने ग्रंथीचे अस्तर, संयोजी ऊती आणि इतर घटक ओळखले आणि कर्करोगग्रस्त अस्तर निरोगी अस्तरापासून वेगळे केले. या संशोधनातील एक प्रमुख शास्त्रज्ञ रोहित भार्गव हे दिल्लीच्या आयआयटीचे पदवीधर असून पुढे इलिनॉय विद्यापीठात त्यांनी हेच काम विस्तारले.

तोंडातील चट्टा आणि सतरा रुग्ण

भारतीय वाचकाला अधिक जवळचा वाटेल असा अभ्यास इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. तोंडातील काही चट्ट्यांच्या पेशींत कर्करोगपूर्व बदल आढळतात. त्यांतील थोडेच पुढे कर्करोगात रूपांतरित होतात, पण कोणते, हे सूक्ष्मदर्शकातील श्रेणीवरून खात्रीने सांगता येत नाही. परिणामी काहींवर अकारण शस्त्रक्रिया होते, तर काहींना उशीर होतो. लिव्हरपूलच्या गटाने धोक्याच्या मानल्या गेलेल्या १७ रुग्णांचे जुने नमुने घेतले. तीन वर्षांहून अधिक काळ ठेवलेल्या देखरेखीच्या नोंदींवरून १० चट्टे कर्करोगात बदलले आणि ७ बदलले नाहीत, हे आधीच ज्ञात होते. न रंगवलेल्या कापांच्या अवरक्त वर्णपटांवरून संगणकाने ही विभागणी करून पाहिली. बदलणारे चट्टे ओळखण्यात त्याला सुमारे ७९ टक्के आणि न बदलणारे ओळखण्यात सुमारे ७६ टक्के यश आले.

सतरा ही संख्या फार लहान आहे आणि संशोधकांनीही हा प्राथमिक अभ्यास असल्याचे नमूद केले आहे. रुग्णालयात त्यावर विसंबून निर्णय घेता येणार नाही. तरीही त्याची मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे: संगणकाचे उत्तर डॉक्टरांच्या मताशी नव्हे, तर प्रत्यक्ष घडलेल्या परिणामाशी ताडून पाहिले गेले. हे केवळ जतन केलेल्या नमुन्यांमुळे शक्य झाले.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२च्या अंदाजानुसार भारतात ओठ आणि मुखाच्या कर्करोगाचे वर्षभरात सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले. तंबाखू, गुटखा आणि सुपारीच्या सेवनाशी या रोगाचा असलेला संबंध सर्वश्रुत आहे. आयआयटी खरगपूर येथील संशोधकांनी तोंडातील पांढरे चट्टे आणि कर्करोग यांच्यातील फरक अवरक्त वर्णपटांतून शोधण्याचे काम केले आहे. नवी मुंबईत खारघर येथे असलेल्या टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक या संस्थेने दुसरी वाट धरली. तेथील प्रयोगशाळेत मुखाच्या कर्करोगासाठी रामन वर्णपटमितीचा दीर्घकाळ अभ्यास झाला असून, ऊती काढून न घेता रुग्णाच्या गालाच्या आतील बाजूवर थेट प्रकाश टाकून वर्णपट घेण्याचे प्रयोगही त्यात होते. फॉर्मॅलिन आणि मेणाचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. मात्र रुग्णाचे पुढे काय होते हे कळण्यासाठी वाट पाहावी लागते.

जतन करताना काय हरवते

जतन केलेल्या नमुन्याच्या बाबतीत खरी अडचण येथून सुरू होते. अल्कोहोल आणि झायलीन ही मेद विरघळवणारी द्रव्ये आहेत. पाण्याबरोबर ऊतीतील बराचसा मेदही ती धुऊन नेतात. कर्करोगाच्या पेशींत मेदाच्या वापराची रीत बदललेली असते, हे ज्ञात आहे. पण ठोकळ्यात त्याचा पुरावा मोठ्या प्रमाणात नाहीसा झालेला असतो. त्यातून जे उरते त्यावर पॅरॅफिन स्वतःची छाप टाकते. मेण हा लांब साखळ्यांचा हायड्रोकार्बन असल्याने त्याच्या खुणा २८५० आणि २९२० जवळ, म्हणजे नेमक्या मेदाच्याच जागी उमटतात. दोन्हींतील कार्बन-हायड्रोजन बंध एकाच जातीचे असल्यामुळे या भागात मेण कोणते आणि मेद कोणता हे सांगणे कठीण होते.

मेण धुऊन काढणे हा त्यावरचा सरळ उपाय वाटतो. परंतु डब्लिन येथील संशोधकांनी २००५ मध्ये रामन वर्णपटाच्या साहाय्याने तपासले तेव्हा प्रयोगशाळांत सर्रास वापरले जाणारे झायलीन मेण पूर्णपणे काढत नसल्याचे दिसून आले. हेक्झेन त्याहून प्रभावी ठरले. रंगवलेल्या कापाकडे पाहणाऱ्या डॉक्टरांना हे उरलेले मेण कधी खटकले नव्हते, कारण ते दिसतच नव्हते. फ्रान्समधील रेंस येथील गटाने वेगळा विचार केला. त्यांनी मेण तसेच राहू दिले आणि त्याचा वाटा गणिताने वर्णपटातून वजा केला. या पद्धतीत कापाला रसायन लागत नाही आणि अमूल्य नमुना जसाच्या तसा राहतो. वजाबाकी जास्त झाली तर ऊतीची खरी खूणही पुसली जाते, हा त्यातील धोका आहे.

फॉर्मॅलिनच्या टाक्यांमुळे प्रथिनांच्या खुणाही थोड्याफार सरकतात. सर्व नमुने सारख्याच रीतीने जतन झाले असते तर हा बदल सर्वांत सारखा राहिला असता. प्रत्यक्षात एक तुकडा सकाळी फॉर्मॅलिनमध्ये पडून सायंकाळी बाहेर निघतो, तर शनिवारी दुपारी काढलेला सोमवारपर्यंत त्यात राहतो. समजा, एका रुग्णालयातून कर्करोगाचे आणि दुसऱ्यातून निरोगी ऊतीचे ठोकळे आणले. संगणक त्यांतील फरक अचूक सांगेल; पण तो फरक रोगाचा नसून दोन रुग्णालयांच्या पद्धतींचा असू शकेल. उच्च टक्केवारीचे दावे वाचताना नमुने कोठून आले, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. एका केंद्रातील नमुन्यांवर शिकवलेली पद्धत दुसऱ्या केंद्रातील अनोळखी नमुन्यांवर टिकते का, ही कसोटी वगळणाऱ्या अभ्यासाला फारसे वजन देता येत नाही.

प्रकाशाचेही स्वतःचे फसवे खेळ आहेत. अभ्यासात वापरल्या जाणाऱ्या अवरक्त किरणांची लांबी ६ ते १० मायक्रॉनांच्या आसपास असते आणि पेशीच्या केंद्रकाचा आकारही तितकाच असतो. त्यामुळे किरण शोषले जाण्याबरोबर विखुरलेही जातात आणि वर्णपटातील प्रथिनांचे शिखर वाकडे होऊन सरकते. काही काळ अशा सरकलेल्या शिखरांचा अर्थ रासायनिक बदल असा लावला जात होता. मँचेस्टर विद्यापीठातील पीटर गार्डनर यांच्या गटाने २००९ च्या सुमारास या विकिरणाचे गणित मांडले आणि ते दुरुस्त करण्याची पद्धत उपलब्ध करून दिली. साधी काच अवरक्त किरणांचा मोठा भाग गिळून टाकत असल्याने कॅल्शियम फ्लोराइड किंवा बेरियम फ्लोराइडच्या महागड्या चकत्या वापराव्या लागतात. त्यांना स्वस्त पर्याय म्हणून चांदीचा परावर्ती थर दिलेल्या काचपट्ट्या लोकप्रिय झाल्या होत्या. २०१२-१३ मध्ये त्यांचाही दोष उघड झाला. परावर्तित आणि येणारे किरण एकमेकांत मिसळल्याने कापाच्या जाडीतील किंचित फरकही रासायनिक फरकासारखा भासतो. मधल्या काळात अशा पट्ट्यांवर झालेल्या कामाकडे त्यानंतर सावधपणे पाहिले जाऊ लागले.

खनिजांची गोष्ट मात्र वेगळी आहे. मॅमोग्राफीत दिसणारे स्तनातील कॅल्शियमचे सूक्ष्म कण फॉर्मॅलिन, अल्कोहोल आणि झायलीन यांतून बव्हंशी सुखरूप बाहेर पडतात. त्यांचे दोन प्रकार आहेत. कॅल्शियम ऑक्झॅलेटचे कण सहसा निरुपद्रवी गाठींत आढळतात, तर हायड्रॉक्सिअपॅटाइटचे कण निरुपद्रवी आणि घातक अशा दोन्ही गाठींत असतात. ऑक्झॅलेट रंग घेत नसल्याने नेहमीच्या कापात ते नजरेतून निसटू शकते. रामन वर्णपटात हायड्रॉक्सिअपॅटाइटची खूण ९६०जवळ आणि ऑक्झॅलेटची ९१२ व १४७७जवळ इतकी स्पष्ट उमटते की दोहोंत गल्लत होत नाही. ब्रिटनमधील ग्लॉस्टरशायर येथील संशोधकांनी २०१० मध्ये मेणात जतन केलेल्या नमुन्यांचा अवरक्त अभ्यास करून हायड्रॉक्सिअपॅटाइटमधील कार्बोनेटचे प्रमाण घातक गाठींत कमी असल्याचे दाखवले. जतन करण्याच्या प्रक्रियेने ज्याला धक्का लावलेला नाही असा घटक निवडणे, ही या क्षेत्रातील सर्वांत शहाणपणाची निवड ठरावी.

वेग, खर्च आणि संमती

हे तंत्र रुग्णालयांच्या नित्याच्या कामात अद्याप रुळलेले नाही. याला वेग हे एक कारण आहे. पूर्ण वर्णपट घेणाऱ्या यंत्राला एका मोठ्या कापासाठी अनेक तास लागू शकतात. रामन पद्धतीला त्याहूनही अधिक. १९९४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या क्वांटम कॅस्केड लेसरमुळे हे चित्र बदलू लागले. या लेसरने हव्या त्या निवडक तरंगसंख्यांवरच मोजमाप घेता येते. जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे काप अशा यंत्राने सुमारे अर्ध्या तासात तपासले. यंत्राची किंमत आणि ते हाताळणारे प्रशिक्षित मनुष्यबळ हा प्रश्न, विशेषतः जिल्हा पातळीवरील रुग्णालयांसाठी, शिल्लक राहतो.

कपाटातील ठोकळा कोणाचा, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. तो निदानासाठी घेतलेला असतो. संशोधनासाठी रुग्णाने संमती दिलेली असतेच असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत जैविक नमुने आणि जैवपेढ्यांचा स्वतंत्र विचार केला आहे. त्यानुसार रुग्णाची ओळख पुसलेले उर्वरित नमुने वापरताना संमतीची अट शिथिल करण्याचा निर्णय संस्थेची नैतिक समिती घेऊ शकते. अवरक्त प्रतिमांकनाची एक बाजू या संदर्भात जमेची आहे. प्रकाशाने काप खर्ची पडत नाही. मोजमाप झाल्यावर तोच काप नेहमीप्रमाणे रंगवून डॉक्टरांना पाहता येतो, आणि ठोकळ्यात उरलेली ऊती पुढे त्याच रुग्णाला दुसऱ्या चाचणीसाठी लागली तर ती त्याच्याकरिता शाबूत असते.